नावात पंथ असावा का? विल्यम कॅरी यांच्या चरित्रातील जुना प्रश्न

खापरखेडा (प्रतिनिधी) : औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांच्या आधाराने वाढलेल्या खापरखेड्यासारख्या गावात निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येतात. येताना ती आपली भाषा आणतात, सणवार आणतात आणि उपासनेची रीतही आणतात. अशा वस्तीत ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या पाटीवर काय लिहावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. पाटीवर बाप्टिस्ट हा शब्द असेल तर आत काय शिकवले जाते, हे येणाऱ्याला आधीच कळते; परंतु मेथडिस्ट किंवा प्रेस्बिटेरियन घरात वाढलेला कामगार दारातूनच परत फिरण्याची शक्यता असते. शब्द गाळला तर दार रुंद होते. परंतु पुढे घरात मूल जन्मले आणि त्याच्या बाप्तिस्म्याचा विषय निघाला, की ही मंडळी तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देत नाही हे आपल्याला अगोदर का सांगितले नाही, असे त्याच कामगाराला वाटू शकते. एका बाजूला प्रामाणिकपणा आणि दुसऱ्या बाजूला आपुलकी, अशी ही ओढाताण आहे.

बाप्टिस्ट मंडळ्यांमध्ये जगभर यावर चर्चा झाली आहे. अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या मोठ्या संघटनेने २०१२ साली अधिकृत नाव कायम ठेवून, ज्यांना हवे त्यांना ग्रेट कमिशन बाप्टिस्ट हे पर्यायी नाव वापरण्याची मुभा दिली. मात्र हा वाद आजकालचा नाही. भारतात बाप्टिस्ट कार्याचा पाया घालणारे आणि मराठी भाषेचे व्याकरण व शब्दकोश छापून प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरी यांच्या संपूर्ण आयुष्यातून हा प्रश्न वाहत गेलेला दिसतो. त्यांच्या निधनानंतर १३६ वर्षांनी त्याचे एक उत्तर मिळाले, आणि तेही खापरखेड्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या नागपुरात.

चर्मकार ते धर्मोपदेशक

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक आणि चर्चचे कारकून झाले. साहजिकच विल्यमचा बाप्तिस्मा इंग्लंडच्या राजमान्य अँग्लिकन चर्चमध्ये बालपणीच झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने किशोरवयातच त्यांना चांभाराच्या हाताखाली कामाला ठेवण्यात आले. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांचा अभ्यास केला.

याच दुकानात त्यांच्या पंथाचाही प्रश्न उभा राहिला. सोबत काम करणारा तरुण राजमान्य चर्चबाहेरील मतांचा होता. त्याच्याशी झडलेल्या वादातून कॅरी यांचे मन बदलत गेले आणि त्यांनी अँग्लिकन चर्च सोडले. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी पहाटे नॉर्थॅम्प्टनजवळ नेन नदीत त्यांनी जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट साधी नव्हती. राजमान्य चर्चबाहेरच्या माणसाला ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे, सरकारी अधिकारपदेही कायद्याने त्याला बंद होती. बाप्टिस्ट हे नाव लावणे म्हणजे सामाजिक पायरी उतरणे होते. कॅरी यांनी ते नाव समजून उमजून पत्करले, हे पुढील साऱ्या हकिकतीत ध्यानात ठेवावे लागते. नावाचे मोल त्यांनी स्वतः चुकवले होते.

दरम्यान १७८१ साली डॉरोथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. मोल्टन येथे पाळक म्हणून काम करताना ते शाळा चालवीत आणि जोडेही शिवीत. १७८९ साली ते लेस्टर येथील बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले.

संस्थेच्या नावातच पंथ

१७९२ साली कॅरी यांनी एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. जगातील देशांची लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते देऊन, परदेशी जाऊन धर्मकार्य करणे हे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे, असे त्यात मांडले होते. त्याच पुस्तकात त्यांनी पंथांच्या प्रश्नालाही हात घातला. सर्व पंथांनी मिळून काम करावे हे तत्त्वतः चांगले. परंतु ख्रिस्ती समाज आज विभागलेला असल्यामुळे प्रत्येक पंथाने स्वतंत्र संस्था काढणे अधिक व्यवहार्य ठरेल, कारण एकत्र आले की अंतर्गत मतभेदांनी उत्साह मावळतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतर पंथांविषयी त्यात कटुता नव्हती. भाऊ वेगळे राहिले म्हणजे वैरी होत नाहीत, अशी ती वृत्ती होती.

त्यानुसार २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका घराच्या मागील खोलीत मूठभर पाळक जमले. १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स एवढ्या वर्गणीच्या आश्वासनावर संस्था स्थापन झाली. तिच्या नावात बाप्टिस्ट हा शब्द होताच, शिवाय त्याआधी पर्टिक्युलर हे विशेषणही होते. ख्रिस्ताचे प्रायश्चित्त निवडलेल्यांसाठी आहे असे मानणारे ते पर्टिक्युलर बाप्टिस्ट, आणि सर्वांसाठी आहे असे मानणारे ते जनरल बाप्टिस्ट, असा तो भेद. म्हणजे पंथच नव्हे, तर पंथातील पोटपंथही नावात आला होता. तीनच वर्षांनी, १७९५ साली, लंडनमध्ये निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी दुसरी मिशनरी संस्था काढली आणि कोणत्याही एका पंथाची चर्चव्यवस्था पुढे रेटायची नाही असे धोरण ठेवले. एकाच दशकात, एकाच देशात, एकाच कामासाठी नावाचे दोन्ही मार्ग अवलंबले गेले.

बंगालमधील कसोटी

१३ जून १७९३ रोजी कॅरी कुटुंबासह डॅनिश जहाजाने निघाले आणि नोव्हेंबरात कोलकात्याला पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते. पैसे लवकरच संपले. अखेर मालदा भागातील मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी त्यांनी पत्करली. तेथे १७९४ साली त्यांचा लहानगा मुलगा पीटर आजाराने दगावला. डॉरोथी मुळातच अनिच्छेने भारतात आल्या होत्या; या आघातानंतर त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते पुन्हा सावरले नाही. १८०७ साली त्यांचे निधन झाले. कॅरी यांच्या कर्तृत्वाची गाथा सांगताना या माउलीने दिलेली किंमत अनेकदा चरित्रकारांनी तळटीपेत ढकलली. तसे करणे न्यायाचे नाही.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी कोलकात्याजवळील सेरामपूर येथे स्थायिक झाले. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, त्यामुळे कंपनीचा हुकूम तेथे चालत नसे. विल्यम वॉर्ड हे मुद्रक आणि जोशुआ मार्शमन हे शिक्षक त्यांचे सहकारी झाले. या तिघांनी सामायिक चूल मांडली आणि मिळकत एकत्र केली. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या बंगाली सुताराचा बाप्तिस्मा झाला. १८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला, आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी यांची बंगाली व संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली.

मराठीशी नाते

१८०४ पासून कॅरी या कॉलेजात मराठीही शिकवू लागले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी मुलखात कारभार करायचा होता आणि त्यासाठी छापील साधने जवळपास नव्हतीच. कॅरी यांनी ती निर्माण केली. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, १८१० साली मराठी-इंग्रजी शब्दकोश आला आणि १८११ साली मराठी नवा करार. मोल्सवर्थ यांचा सुप्रसिद्ध कोश यायला १८३१ साल उजाडले, हे लक्षात घेतले म्हणजे कॅरी यांच्या कामाचे आद्यत्व ध्यानात येते.

या कामात त्यांना कॉलेजचे मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांचे मोठे साहाय्य होते. वैजनाथ पंडितांनी मराठीत आणलेली सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेश ही पुस्तके सेरामपूरच्याच छापखान्यातून बाहेर पडली. नागपूरकर रघुजी भोसल्यांची वंशावळही त्याच छापखान्यात छापली गेली. मराठीतील आरंभीच्या मुद्रित गद्यात या पुस्तकांची गणना होते. पेशवाई आणि भोसलेशाही अजून उभी असताना, नागपूरच्या राजघराण्याची हकिकत हुगळीच्या काठी एका बाप्टिस्ट छापखान्यात खिळ्यांमध्ये जुळवली जात होती, ही मोठी नवलाची गोष्ट होय. त्या पुस्तकांवर पंथाची छाप नव्हती. वाचणाऱ्याला मराठी यावी, एवढीच त्यांची अट होती.

प्रभुभोजनाचा मेज

नावाच्या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती प्रभुभोजनाच्या वेळी. भाकर आणि द्राक्षारस यांच्या या विधीत कोणी सामील व्हावे? ज्याचा जाणत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा झाला आहे त्यानेच, असे कडक बाप्टिस्ट मत होते. परंतु सेरामपूरला अँग्लिकन धर्मगुरू येत. डेव्हिड ब्राउन शेजारीच राहत, क्लॉडियस ब्यूकॅनन येत, आणि १८०६ साली हेन्री मार्टिन हे तरुण अँग्लिकन धर्मगुरू तेथे काही महिने राहिले. या लोकांसोबत प्रार्थना करायची, भाषांतराची चर्चा करायची आणि मेजाशी आले की त्यांना दूर ठेवायचे, हे वॉर्ड यांना पटेना. १८०५ साली सेरामपूरच्या मंडळीने आपला मेज इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांनाही खुला केला.

इंग्लंडमधील संस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांना हे मान्य नव्हते. बाप्तिस्मा हाच ज्या पंथाचा गाभा, त्या पंथाने बाप्तिस्म्यावाचून मेज खुला केला तर पंथाला अर्थ काय उरतो, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो तर्काला सोडून नव्हता. पत्रव्यवहार झाला, मतभेद वाढले, आणि १८११ च्या सुमारास सेरामपूरचा मेज पुन्हा मर्यादित झाला. वॉर्ड यांच्या मनाला याचा सल राहिला.

१८०६ साली कॅरी यांनी फुलर यांना आणखी एक सूचना केली होती. जगातील सर्व ख्रिस्ती पंथांच्या मिशनरी प्रतिनिधींची परिषद १८१० साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केप ऑफ गुड होप येथे भरवावी, आणि पुढे दर दहा वर्षांनी ती व्हावी. फुलर यांनी ही कल्पना सुखद स्वप्न म्हणून बाजूला सारली. पुढे १९१० साली एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली, तेव्हा अनेकांना कॅरी यांच्या या शतकापूर्वीच्या सूचनेची आठवण झाली. प्रत्येक पंथाने आपापली संस्था काढावी असे १७९२ साली सांगणारा माणूस चौदा वर्षांनी सर्व पंथांना एका ठिकाणी बोलावू पाहत होता. यात विसंगती नाही. घरे वेगळी असावीत, पण अंगण एक असावे, ही त्यांची धारणा अनुभवाने अधिक पक्की झाली होती.

एका तुकडीतील दोन वाटा

कोलकात्यात लाल बाजार भागात सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी बांधलेले प्रार्थनामंदिर १ जानेवारी १८०९ रोजी खुले झाले. १८१२ साली त्याच मंदिरात एक घटना घडली, तिचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथीयांच्या संस्थेने भारतात पाठवलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी ॲडोनायरम जडसन यांनी समुद्रप्रवासात अभ्यास करता करता बालबाप्तिस्म्यावरील विश्वास गमावला. ६ सप्टेंबर १८१२ रोजी त्यांनी लाल बाजारच्या मंदिरात बाप्तिस्मा घेतला आणि ज्या संस्थेने आपल्याला धाडले तिचा राजीनामा दिला. परक्या देशात पगार, पाठिंबा आणि सहकारी या सर्वांवर पाणी सोडून त्यांनी पंथ बदलला व पुढे ब्रह्मदेश गाठला. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट आपल्या मतांवर कायम राहिले. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि मुंबई व तेव्हाचे अहमदनगर येथे शाळा, छापखाने व मंडळ्या उभ्या करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. पंथाचे नाव म्हणजे केवळ पाटीवरचा रंग नव्हे, त्यामुळे माणसांच्या वाटा बदलतात, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

आग, कॉलेज आणि दुरावा

११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि कॅरी यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. या संकटात बाप्टिस्टांप्रमाणेच इतर पंथांच्या लोकांनीही मदत पाठवली आणि काही महिन्यांतच छपाई पुन्हा जोरात सुरू झाली.

१८१८ साली या तिघांनी सेरामपूर कॉलेज काढले. त्याच वर्षी समाचार दर्पण हे बंगाली वृत्तपत्रही सुरू झाले. कॉलेजचे दार कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या विद्यार्थ्याला खुले होते आणि नावात पंथाचा उल्लेख नव्हता, केवळ गावाचे नाव होते. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने या कॉलेजाला पदव्या देण्याची सनद दिली. पुढे धर्मशास्त्राच्या पदव्यांसाठी भारतातील अनेक पंथांची विद्यालये या सनदेच्या छत्राखाली आली. मेजावर जे कॅरी यांना टिकवता आले नाही, ते शिक्षणात टिकले.

मात्र स्वकीयांशी त्यांचे बिनसत गेले. फुलर १८१५ साली वारले. नव्या पिढीच्या लंडनस्थित कार्यकारिणीला सेरामपूरची मालमत्ता कोणाच्या अधिकाराखाली असावी याची चिंता होती; या तिघांना वाटे की स्वकष्टाच्या कमाईतून उभ्या केलेल्या कामाचा कारभार आपल्याच हाती असावा. वॉर्ड १८२३ साली निवर्तले. १८२७ साली कॅरी आणि मार्शमन यांनी त्याच संस्थेशी संबंध तोडले, जिच्या स्थापनेला कॅरी यांचा ध्यास कारणीभूत होता. पंथ एक असला म्हणजे भांडण होत नाही, हा १७९२ चा अंदाज अशा रीतीने त्यांच्याच वाट्याला खोटा आला.

या काळातही त्यांचे काम थांबले नाही. १८२० साली त्यांनी शेती व बागकामाची संस्था स्थापली. सतीची चाल बंद करणारा डिसेंबर १८२९ चा कायदा बंगालीत उतरवण्याचे काम सरकारने त्यांच्याकडेच सोपवले. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे त्यांचे निधन झाले.

नागपुरातील उत्तर

कॅरी यांच्या पश्चात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो स्वतंत्र भारतात. अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. कॅरी यांनी बालपणी ज्या परंपरेत बाप्तिस्मा घेतला ती अँग्लिकन परंपरा त्यात होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात सामील झाल्या होत्या ते युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया त्यात होते. आणि कॅरी यांच्या संस्थेच्या कार्यातून वाढलेल्या उत्तर भारतातील बाप्टिस्ट मंडळ्यांची कौन्सिलही त्यात होती. ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट हे उरलेले तीन घटक.

ही तडजोड स्वस्तात झाली नाही. बाप्टिस्टांनी बिशपांची व्यवस्था स्वीकारली. इतरांनी बालबाप्तिस्म्याबरोबरच जाणत्या वयातील बाप्तिस्म्यालाही बरोबरीचे स्थान दिले. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने मोठेपणी तो पुन्हा मागितला तर काय करावे, हा प्रश्न चर्चेत सर्वांत अवघड ठरला. नेन नदीत उतरलेल्या तरुण कॅरींचाच तो प्रश्न होता. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट चर्चने ऐनवेळी १९७० मध्येच माघार घेतली. ईशान्य भारतातील मोठ्या बाप्टिस्ट संघटना या एकीकरणाबाहेर राहिल्या आणि त्यांनी आपले नाव कायम ठेवले. एकत्र आलेल्यांच्या सामायिक नावात पंथाच्या जागी भूप्रदेश आला.

तेव्हा पाटीवर पंथ लिहावा की न लिहावा? कॅरी यांचे चरित्र दोन्ही बाजूंना आधार देते, पण दोन्हींना सारखे सोडत नाही. बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत त्यांनी कधी झाकले नाही. ज्या मंडळीत ते मत पाळले जाते, तिने ते येणाऱ्याला कोठेतरी, स्पष्ट शब्दांत सांगणे हे तिचे कर्तव्यच ठरते. नाव हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. ते गाळणाऱ्या मंडळीवर सांगण्याची जबाबदारी उलट वाढते. परंतु नाव लावले म्हणून मेज, शाळा आणि छापखाना आपल्यापुरता राखून ठेवावा, असे कॅरी यांना मनापासून कधी वाटले नाही; जेथे त्यांनी तसे होऊ दिले, तेथे त्यांच्या कामाचे वर्तुळ लहान झाले.

लाल बाजारचे ते प्रार्थनामंदिर आज कॅरी बाप्टिस्ट चर्च या नावाने ओळखले जाते. म्हणजे त्यांच्या नावाला त्यांचा पंथ अनुयायांनी कायमचा जोडला. सेरामपूर येथील त्यांच्या थडग्यावरील मजकूर मात्र त्यांनी स्वतः ठरवून ठेवला होता. त्यावर नाव आहे, जन्म आणि मृत्यूची नोंद आहे आणि एका भजनातील दोन ओळी आहेत. ब्राउन विद्यापीठाने दिलेली डॉक्टर ही पदवी त्यावर नाही, प्राध्यापकपद नाही आणि बाप्टिस्ट हा शब्दही नाही.